संगणकाला धाप लागते तेव्हा

संगणकाशी गप्पा



मे महिन्यातली दुपार. जेवून मी जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात दाराची बेल वाजली. दारात आमच्या वरच्या मजल्यावरची आठवीतली मुलगी उभी. डोळे लाल, नाकाचा शेंडा त्याहून लाल.

"काका, आमचा कॉम्प्युटर परत बंद पडला. आई म्हणते, मी गेम खेळून खेळून बिघडवला. पण शप्पथ काका, आज मी त्याला हातसुद्धा लावला नव्हता!"

तिची आई घरी बसून दोन-तीन दुकानांचे हिशेब संगणकावर लिहून देते. हे काम दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत पुरं करावं लागतं, आणि दहा तारखेला दोनच दिवस उरले होते. म्हणजे संगणक अडला की त्या घरातली नुसती करमणूक अडत नव्हती, घरात येणारे पैसेही अडत होते. त्यातून दुरुस्तीवाल्याने यंत्र न बघता फोनवरच सांगून टाकलं होतं, "मदरबोर्ड गेला असणार. आता नवीनच घ्या." तिच्या बाबांनी हप्त्यांची चौकशीही सुरू केली होती. आणि या सगळ्याचं खापर फुटलं होतं आमच्या या छोट्या मैत्रिणीच्या डोक्यावर!

मी विचारलं, "बंद पडतो तो सकाळी की दुपारी?"

तिने जरा आठवून पाहिलं. "दुपारीच. सकाळी चांगला चालतो. दुपारी तासाभराने आधी आतला पंखा जोरात वाजायला लागतो. मग सगळं हळूहळू चालतं. आणि मग एकदम फट्! बंद."

"लगेच परत चालू केला तर?"

"लगेच परत बंद. रात्री मात्र चालतो."

निम्मं उत्तर मला इथेच मिळालं. तुम्हाला मिळालं का? मोडलेली वस्तू सकाळी बरी, दुपारी मोडलेली आणि रात्री पुन्हा बरी, असं घड्याळ बघून सहसा वागत नाही. हे यंत्र मोडलेलं नव्हतं. त्याला धाप लागत होती.

कपाटातला कैदी

मी वर गेलो. दहा फूट बाय दहा फुटांची खोली. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला संगणकाचं टेबल. टेबलाच्या खालच्या बाजूला दार असलेला एक कप्पा, आणि त्या कप्प्यात संगणकाचा डबा. (या डब्याला आपण सर्रास 'सीपीयू' म्हणतो, पण त्याचं खरं नाव कॅबिनेट. सीपीयू म्हणजे त्याच्या पोटातला प्रोसेसर, काडेपेटीहूनही लहान.) कप्प्याचं दार लावलेलं. आत डब्यावर क्रोशाने विणलेला सुंदर रुमाल, आणि तो खराब होऊ नये म्हणून त्याच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर!

"धूळ बसू नये म्हणून तर एवढं केलं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "समोरचा रस्ता खणून ठेवलाय. सकाळी पुसलं तर संध्याकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं."

मी कप्प्याचं दार उघडून आत हात घातला. तापत ठेवलेल्या तव्यावर हात धरावा तशी हवा! "आता तू हात घालून बघ," मी आमच्या मैत्रिणीला म्हटलं. तिने हात घातला आणि लगेच मागे घेतला. "अय्या! हा तर भाजून निघालाय."

ही उष्णता येते कुठून?

आता थोडं विज्ञान. पंख्याला वीज दिली की हवा हलते, दिव्याला दिली की उजेड पडतो. संगणकाला वीज दिली की काय मिळतं? हिशेब, चित्रं, गाणी. पण हिशेबाला वजन नसतं की त्यात वीज साठून राहत नाही. म्हणून संगणक जेवढी वीज खातो, जवळजवळ तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. हिशेब-टायपिंगसारखी कामं करणारा साधा संगणक पडद्यासकट साधारण १०० वॅट वीज घेतो. मोठमोठे खेळ खेळण्यासाठी बनवलेला संगणक खेळ चालू असताना ३०० ते ५०० वॅटपर्यंतही जातो.

१०० वॅट म्हणजे किती? शांत बसलेला एक माणूस साधारण तेवढीच उष्णता अंगातून बाहेर टाकत असतो. म्हणजे खोलीत तुम्ही, आई आणि संगणक असे तिघं असलात, तर उष्णतेच्या हिशेबाने तिथे तीन माणसं बसली आहेत असंच समजा!

पण तुमची उष्णता सगळ्या अंगावर पसरलेली असते. संगणकात मात्र तिचा मोठा वाटा प्रोसेसरच्या आतल्या सिलिकॉनच्या चिपमध्ये तयार होतो, आणि ती चिप असते साधारण अंगठ्याच्या नखाएवढी. एवढ्याशा जागेतली उष्णता चटकन उचलून नेली नाही, तर तापमान सर्रकन चढतं. ती उचलायला प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा, पुष्कळ पातळ पात्यांचा एक ठोकळा बसवतात. त्याला हीट सिंक म्हणतात. प्रोसेसरची उष्णता या पात्यांत पसरते, आणि वर बसवलेला पंखा पात्यांमधून हवा ढकलून ती उष्णता उडवून लावतो. डब्याचे पंखे ही गरम हवा बाहेर टाकतात आणि खोलीतली थोडी थंड हवा आत घेतात.

म्हणजे संगणकही आपल्यासारखाच श्वास घेतो आणि सोडतो. फक्त श्वासाचं काम वेगळं.

आता एक सोपा हिशेब करू या. समजा, डब्यात १०० वॅट उष्णता तयार होते आणि पंखे दर सेकंदाला १० लिटर हवा आतून फिरवतात. एक हजार लिटर हवा १ अंशाने तापवायला साधारण १२०० जूल उष्णता लागते. १० लिटरला लागते १२ जूल. १०० वॅट म्हणजे सेकंदाला १०० जूल. भागिले १२, म्हणजे बाहेर पडणारी हवा आत जाणाऱ्या हवेपेक्षा सुमारे ८ अंशांनी गरम. खोलीत ३६ अंश, तर मागून येणारी हवा ४४. इथवर ठीक.

आता जाळीत धूळ अडकली आणि हवा निम्मीच जाऊ लागली. मग वाढ दुप्पट, म्हणजे जवळजवळ १७ अंश! आणि डबा बंद कप्प्यात असेल तर? मागून निघालेली ४४ अंशांची हवा कप्प्यातच फिरते आणि पुढून पुन्हा आत जाते. मग ती ५२ होऊन बाहेर येते, आणि पुन्हा आत! म्हणजे आपणच सोडलेला श्वास आपणच पुन्हा घ्यायचा. गोधडीत डोकं खुपसून पाच मिनिटं पडून राहिलात तर कसं वाटेल?

लक्षात घ्या, ही झाली हवेची गोष्ट. प्रोसेसर तर या हवेहून कितीतरी जास्त तापलेला असतो. तो साधारण ९५ ते १०५ अंशांच्या घरात पोचला, की आजकालचे बहुतेक प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतात. तेवढ्यानेही भागलं नाही, तर जळून जाण्यापेक्षा सरळ बंद होतात. आमच्या मैत्रिणीच्या घरी तेच घडत होतं. आधी पंख्याचा आवाज, मग मंद चाल, मग फट्! बिचारा संगणक तीन वेळा सांगत होता. त्याची भाषा कुणाला कळत नव्हती, एवढंच.

डबा उघडला!

आम्ही संगणक नीट बंद केला. भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढला. युपीएसची वायरही काढली, कारण युपीएसमध्ये वीज साठवलेली असते. मग संगणकाचं चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलीसुरली वीज संपते. अर्धा तास डबा थंड होऊ दिला आणि गॅलरीत नेला. बाजूचं पत्र्याचं झाकण उघडलं, आणि...

"ई! ही तर गोधडीच आहे!"

खरंच, हीट सिंकच्या पात्यांवर करड्या रंगाच्या धुळीचा चांगला जाड थर बसला होता. हात लावला तर चिकट. घरातली धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. त्यात कपड्यांचे आणि अंथरुणाचे धागे असतात, केस असतात, आपल्या अंगावरून झडणारे कातडीचे बारीक कण असतात. त्यात उदबत्तीचा आणि डासांच्या कॉइलचा धूर, आणि फोडणीतून उडालेल्या तेलाचे कण मिसळले, की ती धूळ डिंकासारखी चिकटते. लहान घरात स्वयंपाकघर आणि संगणक यांच्यात कधीकधी एक पडदाच असतो. त्यामुळे वाटाण्याच्या उसळीला दिलेली फोडणी आपल्याबरोबर संगणकालाही मिळते!

साफसफाई आम्ही अशी केली. आधी डब्याच्या पत्र्याच्या, रंग न लावलेल्या भागाला हात लावला. कोरड्या हवेत आपल्या अंगावर स्थिर वीज साठते. स्वेटर काढताना चट्चट् आवाज येतो ना, तीच ही वीज. तिने आतले नाजूक भाग बिघडू शकतात. मग चित्रकलेचा नवा, कोरडा, मऊ ब्रश घेऊन पात्यांमधली धूळ अलगद सोडवली. उरलेली तिच्या बाबांनी हवा मारायच्या ब्लोअरने दुरून उडवली. त्या वेळी पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवलं होतं. हे महत्त्वाचं! हवेच्या झोताने पंखा भलताच जोरात फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं, शिवाय फिरणारा पंखा उलट वीज तयार करून मदरबोर्डकडे पाठवू शकतो. नाकातोंडाला आम्ही सगळ्यांनीच रुमाल बांधले होते. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी मात्र या वेळी दुसऱ्या खोलीतच थांबावं.

तोंडाने फुंकर मारायची नाही, कारण फुंकरीबरोबर थुंकीचे तुषार जातात. ओलं फडकं आत घालायचं नाही. झाडलोटीचा व्हॅक्यूम क्लीनरही आत लावायचा नाही, कारण त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. आणि एक गोष्ट कधीही करायची नाही: वीज जिथून आत येते तो पॉवर सप्लायचा लोखंडी डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठून राहू शकते. त्याची धूळ बाहेरूनच उडवायची. तसंच हीट सिंक स्वतः उपटून काढायचा नाही. त्याच्याखाली एक खास मलम लावलेलं असतं. काही वर्षांनी ते सुकतं, पण ते बदलणं जाणकाराचं काम.

आणि हो, हे सगळं मोठं माणूस बरोबर असतानाच करायचं!

चपला बाहेर का काढायच्या?

काम चालू असताना आमच्या मैत्रिणीला शाळा आठवली. "काका, शाळेत कॉम्प्युटर रूमच्या बाहेर चपला काढायला लावतात, ते याच्यासाठीच का?"

"याच्यासाठीच," मी म्हटलं. "चपलांबरोबर रस्त्यावरची माती आत येते आणि पंख्यांच्या ओढीने संगणकात जाते."

तुमच्या आईबाबांना विचारा. १९९० च्या दशकात शाळेतल्या संगणकाच्या खोलीत जायचं म्हणजे देवळात गेल्यासारखं वाटायचं. चपला बाहेर, हात स्वच्छ, आवाज हळू. ज्या शाळेला परवडे तिथे त्या एकाच खोलीत एसी असायचा. गंमत म्हणजे त्या आधीच्या, १९८० च्या दशकातल्या घरगुती संगणकांत प्रोसेसरवर बहुधा पंखाच नसायचा. प्रोसेसर कामाला जसजसे चपळ झाले, तसतशी त्यांची भूक वाढली, आणि मग हीट सिंक आले, पंखे आले.

पण त्याच्याही आधी जा. अमेरिकेत १९४६ साली जगापुढे आलेल्या 'एनिॲक' या संगणकात सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्या दिव्यासारख्या तापायच्या, आणि तो संगणक सुमारे १५० किलोवॅट वीज घ्यायचा. आपल्या मघाच्या हिशेबाने खोलीत दीड हजार माणसं! आपल्या मुंबईतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा देशी बनावटीचा संगणक सुरू झाला, तोही व्हॅक्यूम ट्यूबचाच. म्हणजे संगणक जन्मला तेव्हापासून उष्णता त्याच्या पाठीला लागलेली आहे. ती आजही सुटलेली नाही.

पंखा लावला की झालं?

"मग कप्प्याचं दार उघडं ठेवून वरचा पंखा जोरात लावला तर?" तिने विचारलं.

प्रश्न चांगला आहे, पण त्यात एक फसगत आहे. छताचा पंखा खोलीतली हवा थंड करत नाही, नुसती हलवतो. आपल्याला गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. संगणकाला कुठे घाम येतो? तरी पंख्याचा एक उपयोग होतो. टेबलाच्या मागे कोंडलेली गरम हवा खोलीभर पसरते. पण खोलीची दारंखिडक्या सगळी बंद असतील, तर थोड्या वेळाने खोलीच तापते. म्हणून संध्याकाळी बाहेर गारवा पडला की समोरासमोरचं दार आणि खिडकी उघडावी. दुपारी रस्त्याची धूळ उडत असेल तर त्या बाजूची खिडकी बंद आणि दुसऱ्या बाजूची उघडी.

काही जण डब्याचं बाजूचं झाकणच कायमचं काढून टाकतात आणि शेजारी टेबलफॅन लावतात. त्याने थोडा वेळ बरं वाटतं, पण धूळ सगळीकडून आत शिरते. शिवाय झुरळं, पाली, आणि धाकट्या भावंडांची बोटं! झाकण लावलेलं असलं की हवेला एक वाट मिळते: पुढून आत, मागून बाहेर. गावाकडच्या स्वयंपाकघरातलं धुराडं आठवा. वाट ठरलेली असली तरच धूर निघून जातो.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मित्रांनो, तुमच्याकडे उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर लागतो. त्याचा ओला झोत थेट संगणकावर येऊ देऊ नका. आणि कोकणातल्या मित्रांनो, पावसाळ्यात संगणक आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. धुळीने ओल धरली की आतले धातूचे भाग गंजतात. दोन-चार दिवसांनी तासभर चालू केला, की स्वतःच्याच उबेने तो कोरडा राहतो.

करून पाहा

टिश्यू पेपरची बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी कापा. संगणक चालू असताना ती डब्याच्या प्रत्येक जाळीजवळ बाहेरून धरा. पट्टी जाळीला चिकटली तर तिथून हवा आत जाते. दूर उडाली तर तिथून बाहेर येते. हललीच नाही तर? एक तर तिथे पंखा नाही, नाहीतर वाट बंद आहे! वहीत डब्याचं चित्र काढून बाण दाखवा. भिंतीवर टांगायचा तापमापक असेल तर आधी खोलीचं तापमान लिहा, मग मागून येणाऱ्या हवेचं. दर रविवारी त्याच वेळी पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक वाढत चालला, की समजा, साफसफाईची वेळ झाली. (ताप बघायचा थर्मामीटर यासाठी वापरू नका. तो त्या कामाचा नाही.)

लक्षात ठेवा

१. डबा बंद कप्प्यात नको. मागे भिंतीपासून निदान वीतभर जागा सोडा.

२. डबा जमिनीवर नको. केर काढताना सगळ्यात जास्त धूळ खालीच उडते. वीत-दीडवीत उंच पाटावर किंवा टेबलावर ठेवा.

३. केर काढताना आणि चादरी झटकताना संगणक बंद ठेवा. जमेल तिथे झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

४. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन डब्यावर पडू देऊ नका.

५. हवा आत जाते त्या जाळीवर बाहेरून मच्छरदाणीच्या कापडाचा एकच पदर लावा. धागे आणि केस त्यात अडकतात. दर आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून परत लावा. जाड कापड लावाल तर श्वासच कोंडेल.

६. आतली सफाई साधारण तीन महिन्यांनी, मोठ्यांच्या मदतीने.

आणि मग काय झालं?

डबा आम्ही कप्प्यातून काढून जुन्या पाटावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता आमच्या मैत्रिणीने तापमापक लावला. खोलीत ३५, मागच्या हवेत ४४. फरक ९! आपल्या हिशेबाच्या किती जवळ, बघा. वहिनींचं काम त्या दिवशी सलग चार तास चाललं आणि दहा तारखेच्या आत हिशेब पोचले. नव्या संगणकाच्या हप्त्याचा कागद बाबांनी घडी करून ठेवून दिला.

"म्हणजे माझाच रुमाल नडला म्हणायचा," वहिनी जरा खट्टू होऊन म्हणाल्या.

"रुमाल नाही नडला, वहिनी. वेळ चुकली," मी म्हटलं. "धूळ बाहेर ठेवायची हे तुमचं बरोबरच होतं. फक्त संगणक जागा असताना त्याचं नाक झाकायचं नाही. काम झालं, बंद केला, पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ दिला, की मग खुशाल घाला तुमचा रुमाल. आणि चालू करायच्या आधी आठवणीने काढा."

तो रुमाल काढायचं आणि घालायचं काम आता आमच्या मैत्रिणीकडे आहे. रविवारच्या तापमानाची वहीसुद्धा तिच्याचकडे. त्या वहीच्या पहिल्या पानावर आईने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय: 'उगाच ओरडले. आई.'

तुमच्या घरच्या संगणकाला किती अंशांचा फरक येतो, ते मोजून मला जरूर कळवा. आणि पुढच्या आठवड्यात बघू या, वीज अचानक गेली तर युपीएस संगणकाला कसा सांभाळतो ते. तोपर्यंत अच्छा!

तुमचा,
संगणककाका